चातुर्मासातला कॅमेरा

काकासा माणसाची पारख चपलेवरून करायचे आणि ती हटकून चुकायची. आमच्या दुकानात गादीवर चढायच्या आधी चपला पायरीशी काढाव्या लागत. काकासा गल्ल्यामागे मांडी घालून बसलेले असत आणि तिथून त्यांना आधी चप्पल दिसे, मग माणूस. झिजलेली टाच दिसली की ते पुटपुटत, "पाव्हणा नुसता बघून जाणार." तो पाव्हणा केळीच्या बागांचा मालक निघे आणि लेकीच्या लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेऊन जाई. चकचकीत बूट दिसले की काकासा स्वतः उठून गादी झटकत, आणि बूटवाला तासभर साड्या उलगडायला लावून दोन हातरुमाल घेई. मी एकदा म्हटलं, "काकासा, मग उलटं का नाही धरत? झिजलेली चप्पल म्हणजे पैसेवाला." तर म्हणाले, "बाई, सिद्धांत बरोबरच आहे. गिऱ्हाईक चुकतं."

काकासा म्हणजे काका. शेवटचा 'सा' मारवाडीतला मानाचा. जळगावचा सगळा कापडबाजार त्यांना याच नावानं ओळखायचा. त्यांना दुसरं नाव होतं हे मला पहिल्या पगाराच्या पाकिटावरची सही बघून कळलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, आणि काकासांना परकर-ब्लाउजपीसच्या कपाटाशी एक बाई हवी होती, कारण गावाकडच्या बायका पुरुष नोकरासमोर माप सांगायला लाजत. त्या अख्ख्या ओळीत दुकानात काम करणारी मी पहिली बाई. सुरुवातीला लोक मला गिऱ्हाईक समजून बसायला सांगत, आणि मी खरोखर बसले की काकासा गल्ल्यावरून खोकत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे समोरच्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघणं. बोलता बोलता हात पुढे जाई, बाही नाहीतर पदर चिमटीत येई, आणि काकासा डोळे मिटून भाव सांगत. बँकेच्या मॅनेजरला त्यांनी असंच त्याच्या सफारीत पॉलिस्टर किती आहे ते ऐकवलं होतं. डॉक्टर छाती तपासत होते तेव्हा यांनी डॉक्टरांचा कोट तपासला. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मयताला गेले होते. सगळे हात जोडून उभे, आणि यांनी मयतावरच्या कापडाचं टोक हळूच चिमटीत धरलं, मान हलवली आणि शेजारच्याला म्हणाले, "फसवलं रे बिचाऱ्याला. जाता जाता फसवलं."

कापडाच्या बाबतीत इतका नाजूक हात असलेला हा माणूस नोकरांच्या बाबतीत मात्र अगदी आवळलेला होता. पंखा गिऱ्हाईक आल्यावर फिरायचा आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की थांबायचा. एक चहा दोघांत, आणि जोडीदार तेच ठरवणार. त्यांचा डावा कान जरा मंद होता, म्हणजे ते तसं सांगायचे. भाव ते उजव्या कानानं ऐकत आणि पगारवाढ डाव्या कानानं. कुणी समोर येऊन घुटमळायला लागलं की काकासांची मान आपोआप उजवीकडे वळायची, डावा कान पुढे यायचा, आणि घुटमळणारा "काही नाही काकासा" म्हणून परत जायचा. मी स्वतः दोनदा तशी परत गेले आहे.

दुकानात आमचे सगळ्यात जुने म्हणजे नाना. मूळचे पिंपळनेरकडचे, तरुणपणी जळगावला आले ते काकासांच्याच दुकानात. शालू, पैठणी, भारी रेशमाची कपाटं त्यांच्या ताब्यात. बोलणं मोजकं, हात हलका. नाना साडी उलगडायला लागले की बायका आपसात बोलायच्या थांबत. काकासा त्यांना कधी शाबासकी देत नसत, पण नाना रजेवर असले की काकासांना दिवसभर कुठली साडी कुठे आहे ते सापडत नसे, आणि संध्याकाळी ते सगळ्यांवर चिडत.

आता भांडण. दुकान दोघा भावांचं होतं. धाकटे, त्यांना आम्ही भाईजी म्हणायचो, धुळ्याचं दुकान बघत आणि दर सोमवारी एस.टी.नं जळगावला येत. येताना डबा आणि कॅल्क्युलेटर. हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. हिशेब जुळला नाही की त्यांना पित्त व्हायचं, इतकंच. त्या वर्षी माल मोजताना काही साड्या कमी भरल्या. साड्या कमी भरतातच. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी टेम्पो भरून येणार, आजेसासूपासून करवलीपर्यंत सगळे गादीवर पसरणार, दिवसभर ओढाओढ चालणार. त्यात एखादी साडी कुणाच्या पिशवीत सरकली तर कुणाला कळणार? पण त्या वर्षी कमी भरलेल्यात एक जांभळा शालू होता. दुकानातला सगळ्यात भारी. तो नानांच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली नानांच्या करगोट्याला.

भाईजी सरळ म्हणाले, "नाना."

काकासा गादीवरून ताडकन उठले. मी त्यांना इतकं चपळ कधी पाहिलं नव्हतं. "नाना चोर निघाला तर मी या गादीवर पुन्हा बसणार नाही," ते म्हणाले. "घरी भाजी निवडीन."

"मग चोर दाखवा," भाईजी म्हणाले. "दिवाळीपर्यंत. नाहीतर पाडव्यापासून नाना नको."

हे सगळं नानांच्या समोर चाललं होतं. नाना एका साडीची घडी घालत होते, ती त्यांनी घातली, कपाटात ठेवली आणि आतल्या खोलीत पाणी प्यायला गेले. मला भाईजींचा इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही. तो तसाही काकासांनी अर्धाच सांगितला होता.

चोर पकडायला कॅमेरे बसवायचे, ही कल्पना भाईजींचीच. बाजारातल्या एका सराफाकडे नुकतेच बसले होते. त्यासाठी त्यांनी काकासांना एक रक्कम ठरवून दिली, आणि ती ऐकून काकासांना आनंद झाला, कारण त्यांनी त्याहून कमी धरली होती. दुसऱ्या दिवशी ते बायकोसाठी कानातलं बघायच्या निमित्तानं सराफाच्या दुकानात जाऊन बसले. अख्खी दुपार बसले. कानातलं घेतलं नाही हे सांगायलाच नको. परत आले ते गंभीर होऊन.

"कसं आहे काकासा?" मी विचारलं.

"टीव्हीत मला माझं डोकं मागून दिसलं," ते म्हणाले. "इतकं टक्कल पडलंय आणि तुम्ही कुणी सांगितलं नाही."

मग नाशिकहून कंपनीचा माणूस आला. टाय, बॅग, गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रं. चार कॅमेरे, एक टीव्ही, टीव्हीत चार चौकोन, आणि सगळं साठवून ठेवणारा रेकॉर्डर. काकासांनी त्याला गादीवर बसवलं, टाय चिमटीत धरून बघितला, आणि साडीचा भाव करतात तसा भाव करायला लागले. एक कॅमेरा काढला तर किती कमी होईल? दोन काढले तर? काळापांढराच द्या, रंगीत नको; चोर रंगीत असला काय आणि नसला काय. डाग पडलेला माल आहे का? कटपीस आहे का? तो बिचारा घामाघूम झाला, कारण गिऱ्हाईक नसल्यामुळे पंखा बंद होता आणि काकासांच्या लेखी तो गिऱ्हाईक नव्हता. शेवटी काकासांनी रक्कम सांगितली.

"शेठजी," तो हात जोडून म्हणाला, "एवढ्यात फक्त वायर येईल."

"मग वायर लाव," काकासा म्हणाले. "पुढं काय आहे ते चोराला थोडंच माहीत?"

तो गेला. त्यानं चित्रांचे कागद ठेवले नाहीत, ते मागून घ्यायचा काकासांनी प्रयत्न केला होता.

पुढचा शोध काकासांना पानाच्या टपरीवर लागला. आमच्या दुकानासमोर एक लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा बसायचा. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, स्टँडवरचा दिवा, सगळं स्वतःचं. लग्नसराईत तो जमिनीवर दिसायचा नाही, पण आषाढी एकादशी झाली, चातुर्मास लागला, की तुळशीच्या लग्नापर्यंत टपरीवर बसून सुपारी कातरायचा. काकासांनी त्याला पायरीवरूनच हाक मारली.

"काय रे, तुझा कॅमेरा हल्ली काय करतो?"

"झोपलाय काकासा. देवच झोपलेत तर मुहूर्त कुठले?"

"मग माझ्याकडे झोपव. फक्त डोळा उघडा ठेवून."

दोन वेळचा चहा, तोही अख्खा, दुपारचं जेवण आणि दिवाळीला एक सफारीचं कापड, यावर सौदा ठरला. भाईजींनी दिलेल्या रकमेतून काकासांनी एक जुना टीव्ही, एक जुना व्हीसीआर आणि एकच कॅसेट घेतली. रोज तीच, कालचं पुसून, पुन्हा भरायची. भाईजींना सांगितलं, कॅमेरा बसला. तो खरोखरच बसला होता, स्टुलावर, मांडीवर चहाची बशी घेऊन.

शूटिंगवाला मन लावून काम करणारा होता, तीच पंचाईत झाली. त्यानं आयुष्यात लग्नाखेरीज काही काढलं नव्हतं. हात कुठं जातो, पिशवी कुठं उघडते, हे बघायचं त्याच्या डोळ्याला वळणच नव्हतं. त्याला चेहरा लागे. बाई गादीवर बसली की हा दिवा लावी, आणि म्हणे, "मावशी, पदर जरा नीट. इकडे बघा. हं, आता साडी हातात घ्या." लोकही लग्नात आहेर देतानाच्या शूटिंगला सरावलेले. दिवा अंगावर पडला की माणूस हातातली वस्तू पुढे धरायचा, कॅमेऱ्याकडे बघून हसायचा आणि दिवा हलेपर्यंत तसाच थांबायचा. भाव चाललेला असो नाहीतर भांडण, मध्येच सगळे थिजून हसायला लागत. त्या दिव्यानं दुकानात इतकं उकडे की काकासांना पंखा दिवसभर ठेवावा लागला. या एका गोष्टीसाठी मी त्या कॅमेऱ्याला आजही दुवा देते.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. धोतर, टोपी घातलेला एक म्हातारा फार भडकला. "आमले चोर समजतस का तुम्ही? कसाले काढी राहिनात हाई?"

"नाही हो आबा," काकासा मधाळ आवाजात म्हणाले. "लग्नाची शूटिंग आहे."

"कोनं लगीन शे?"

"ठरतंय अजून."

आबा शांत झाले आणि जाताना आशीर्वाद देऊन गेले. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आधी एका खेड्यातून बायकांचा घोळका आला होता. टीव्ही समोरच ठेवलेला, त्यात चाललेलं सगळं दिसे. त्यातली एक म्हातारी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "अय माय, ही कोन व?"

"तूच शे ना," दुसरी म्हणाली.

"मी? इतली म्हतारी व्हई गई का मी?" ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग हातातली काळपट चौकडीची साडी तिनं बाजूला सारली आणि नानांना म्हणाली, "ते पोपटी दखाडा." तिच्या मागोमाग घोळक्यातल्या सगळ्यांनीच रंग बदलले, आणि जरा भारी माल निघाला. काकासांनी त्या दिवशी शूटिंगवाल्याला चहाबरोबर खारी दिली.

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही जेवायला बसायचो तेव्हा काकासा सकाळची कॅसेट लावायला सांगत. चोर शोधायचा कार्यक्रम. सगळे डबे उघडून टीव्हीसमोर. त्यात चोर काही दिसत नसे, पण बाकी पुष्कळ दिसे. नोकर गिऱ्हाइकामागे तोंडं वाकडी करतात हे काकासांना दिसलं. काकासा भाव सांगताना कानात करंगळी घालतात हे आम्हा सगळ्यांना दिसलं. त्यावर ते म्हणाले, "हा मी नाही. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे." आणि मग रोज ते आम्हाला नानांकडे बघायला लावत. "बघा, बघा. हात कसा चालतो. या हाताला भाऊ चोर म्हणतो." चहावाला आला तर त्यालाही थांबवून दाखवत. ओळखीचं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही. इतक्या वर्षांची राहिलेली शाबासकी त्यांनी त्या चार महिन्यांत चुकती केली. नाना डब्यात मान घालून जेवत असत. मला वाटे, लाजतात.

ऐन सणाच्या गर्दीत, कॅमेरा चालू असताना, दिवा लावलेला असताना, एक लाल काठाची साडी गेली. काकासा खूष झाले. त्यांनी लगेच शटर ओढलं आणि कॅसेट लावली. साडी गेली त्या वेळी कॅमेऱ्यात एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा एकेक साडीचा पदर आजींच्या खांद्यावर टाकून, दोन पावलं मागे सरून रंग बघत होते. आजी त्यांचा हात झटकत होत्या आणि हसत होत्या. पुष्कळ वेळ तेवढंच. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकासांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि विचारलं, "आणि साडी?"

"साडी मागं कुठंतरी जात असणार," शूटिंगवाला म्हणाला. "पण काकासा, असं काही पुन्हा मिळत नाही."

दिवाळी जवळ आली. चोर नाही, शालू नाही, आणि पुरावा म्हणून हातात एक कॅसेट, तीही कालची. भाईजींनी त्या सोमवारी नानांच्या जागी धुळ्याहून दुसरा माणूस आणायचं बोलून दाखवलं. नाना ते ऐकत उभे होते. लेकीचं लग्न करून नुकता मोकळा झालेला माणूस, या वयात चोर म्हणून बाहेर पडला तर त्याला बाजारात कोण उभं करणार?

काकासांनी मग जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी गुलाबी कागदावर पत्रकं छापून घेतली, वर श्रीगणेश, अगदी लग्नपत्रिकेसारखी. मजकूर असा: "आमचे येथे श्रीकृपेकरून आषाढापासून दुकानात जे जे घडले ते सर्व कॅसेटमध्ये आले आहे. धनत्रयोदशीस सायंकाळी दुकानाबाहेर मोठ्या टीव्हीवर ते दाखविण्यात येईल. तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार येऊन आपापले दर्शन घ्यावे. ज्यांचे काही द्यावयाचे राहिले असेल त्यांनी त्याआधी निःसंकोच यावे." पत्रकं बाजारात वाटली गेली, एस.टी. स्टँडवर वाटली गेली, आणि खेड्यांत जाणाऱ्या गाड्यांत टाकली गेली.

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून, "घरी चुकून आलं होतं," म्हणून न थांबता गेले. आत लाल काठाची साडी. त्यानंतर जी रीघ लागली तिला काकासासुद्धा दचकले. साड्या आल्या, टॉवेल आले, एक पातळ आलं ते आमच्या दुकानात कधीच नव्हतं. बाजारातल्या इतर दुकानांतला मालही आमच्याकडे यायला लागला, कारण कॅमेरा नक्की कुणाकुणाला दिसतो याची लोकांना खात्री नव्हती. एका बाईनं आमच्या चहाचा पेला परत दिला. एका सज्जनानं कापड मोजायचा लोखंडी गज आणून दिला. तो गेल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही दुसऱ्यानं मोजत होतो. शेजारच्या दुकानदारांना त्यांचा माल काकासांनी पोचवला, पण प्रत्येकाच्या गादीवर बसून एकेक भाषण करून. भाईजींच्या यादीतल्या सगळ्या साड्या आल्या. जांभळा शालू तेवढा आला नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नाना सकाळी कामावर नव्हते. रजा टाकून रात्रीच पिंपळनेरला लेकीकडे गेले होते. दुपारी दुकान रिकामं होतं. बाकीचे नोकर जेवून पान खायला गेलेले, शूटिंगवाला समोरच्या टपरीवर. काकासा गल्ल्याशी, मी माझ्या कपाटाशी. नाना एस.टी.तून उतरून तसेच आले, चपला काढल्या, गादीवर चढले आणि पिशवीतून शालू काढून काकासांच्या पुढ्यात ठेवला.

काकासांचा हात आपोआप पुढे गेला. चिमटीत पदर धरून ते म्हणाले, "नेसलेला आहे." मग डोळे उघडून, "कुणी आणून दिला?"

"मीच नेला होता," नाना म्हणाले. "पोरीच्या लग्नात. बस्त्याला बसलो तवा व्याही म्हणाले शालूच पाहिजे. सगळे नातेवाईक समोर. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं आणि..." ते थांबले. "आज पोरीकडून पॉलिशला देतो म्हणून मागून आणला."

मला नानांचा राग आला. फार राग आला. मी त्यांच्यासाठी भाईजींशी धड बोलत नव्हते. आणि रागाच्या पाठोपाठ असं वाटलं की हे मी ऐकायलाच नको होतं, मी आत जायला हवं होतं. पण गेले नाही.

"कॅमेऱ्याला भ्यायलास?" काकासांनी विचारलं.

"कॅमेऱ्यात काय शे, काकासा? कालची कॅसेट. मी शालू नेला तवा हा कॅमेरा लग्नं करत फिरत होता." नानांचा आवाज फुटला आणि ते पुरते गावच्या बोलीवर आले. "तुम्ही बठ्ठासले, सगळ्यासले सांगतस, नाना असा, नाना तसा. चहावालाले बी सांगतस. माले ते सहन व्हयनं नही."

समोर टपरीवर शूटिंगवाला सुपारी कातरत होता. चार महिन्यांत एकदाच खरा चोर कॅमेऱ्यापुढे उभा राहून कबूल झाला, आणि तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी होती.

"मागायचा होतास," काकासा म्हणाले.

मग काकासांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "बाई, यानं मागितला असता तर मी दिला असता का नाही?"

मला हो म्हणता आलं असतं. तेवढ्यानं ती दुपार जरा सोपी झाली असती. "नाही, काकासा," मी म्हटलं.

"विचार करून बोल."

"विचार करूनच बोलतेय. तुम्ही डावा कान पुढे केला असता."

ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. बसल्या जागी त्यांनी पाय पसरले, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि गादीवरून खाली उतरले. पायरीशी शूटिंगवाल्याचं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. मला आधी कळलंच नाही. गादीबद्दलचा त्यांचा शब्द आठवला तेव्हा नाना हमसून रडत होते.

भाईजींना त्यांनी सांगितलं, सगळा माल आला, शालूसुद्धा. गिऱ्हाईक ठेवून गेलं, नाव सांगितलं नाही. आणि मांडी घालून गुडघे धरतात, तेव्हा गादीवर तू बस, नाहीतर तुझ्या मुलाला बसव. भाईजी हिशेबाला पक्के होते तसे चुकीलाही पक्के निघाले. ते सगळ्यांसमोर नानांपुढे हात जोडून उभे राहिले. "नाना, मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. मोठ्या मनानं विसरा." कुणी मारत असावं तसे नाना उभे होते. काकासा स्टुलावरून म्हणाले, "विसरला, विसरला. चहा सांगा." अख्खा चहा आला, प्रत्येकाला वेगळा.

धनत्रयोदशीला पत्रकातल्या शब्दाप्रमाणे टीव्ही बाहेर लावला. एकच कॅसेट, आदल्या दिवसाची, तीच परत परत. रस्ता बंद होईल इतकी माणसं आली. हसणारे चेहरे, पुढे धरलेल्या साड्या, पुन्हा हसणारे चेहरे. लोकांना फार आवडलं. ज्यांचे चेहरे आले नाहीत ते पुढच्या वर्षी लवकर येऊ म्हणून गेले.

पाडव्याला नोकरांना दिवाळी वाटायची रीत होती: मिठाईचा पुडा आणि टॉवेल. त्या वर्षी काकासांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि स्टुलावर बसून म्हणाले, "ज्याला जे पाहिजे ते तोंडानं मागा. दुकानातलं काहीही. आज मागा."

कुणी तोंड उघडेना. सगळ्यांना वाटलं, ही परीक्षा आहे आणि मागणारा नापास होणार. काकासांची मान वळायला लागली होती. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरून ती सरळ केली. मी बघत होते, त्यांच्या कपाळावर घाम होता.

"नाना," ते म्हणाले, "तू माग."

नाना ओळीतून पुढे आले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. "काकासा, तो जांभळा शालू द्या. पोरीला."

"नाही," काकासा म्हणाले.

गल्ल्यामागे भाईजींनी मान वर केली. नाना मागे सरायला लागले. काकासांनी झटकन त्यांची बाही पकडली. चिमटीत नव्हे, मुठीत.

"थांब," ते म्हणाले. "ते सवयीनं गेलं. पुन्हा माग."